घरट्यावरचे पहिले बक्षीस

या लेखाच्या आरंभी एक कबुली देणे आम्हांला भाग आहे. ती दिल्यावाचून पुढचे काही लिहिण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वी बऱ्हाणपूर परिसरात भरलेल्या एका निसर्गछायाचित्र स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हांला बोलावणे आले. छायाचित्रणातले आमचे ज्ञान बेताचे. पण साहित्याच्या व्यासपीठावर चार वेळा बसलेल्या माणसाला कोणत्याही कलेचा परीक्षक मानण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि त्या मानाला नाही म्हणण्याइतका विवेक त्या दिवशी आम्हांला सुचला नाही. भिंतीवर लावलेल्या चित्रांत एक चित्र दूधराजाचे होते. दूधराज म्हणजे मराठीतला स्वर्गीय नर्तक, आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. पांढऱ्याशुभ्र नराच्या शेपटीच्या दोन लांब फिती हवेत वळण घेत खाली उतरलेल्या, चोचीत एक चतुर, समोर पेल्याएवढे घरटे आणि त्यातून वर आलेल्या तीन उघड्या चोची. सकाळचे कोवळे ऊन थेट त्या चोचींच्या आतपर्यंत पोहोचलेले. आम्ही त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिलो, गुणपत्रिकेवर 'प्रकाशाची उत्तम जाण' असा शेरा लिहिला आणि इतर परीक्षकांसह एकमताने त्यास पहिले बक्षीस दिले. समारोपाच्या भाषणात वात्सल्यरसावर चार वाक्येही बोललो.

पुढे महिन्याभराने जसोंडीला एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. जेवणे झाल्यावर त्या चित्राचा विषय निघाला. त्यांचा सालदार पडवीत बसला होता. ते घरटे ह्याच शिवारातल्या ओढ्यावरचे, असे तो सहज म्हणाला. आम्ही कौतुकाने आणखी विचारले, तेव्हा त्याने तितक्याच सहजपणे सांगितले, "काका, ती डहाळी दाट पानांत होती. पानं छाटली तेव्हा कुठं ऊन आत गेलं." माणसे तीन दिवस येत होती. पहिल्या दिवशी त्यांनी समोरची डहाळी दोरीने बाजूला ओढून बांधली, दुसऱ्या दिवशी ती कापूनच टाकली. चौथ्या दिवशी माणसे आली नाहीत आणि घरट्यात पिलेही नव्हती. ती कोणी नेली हे त्याने पाहिले नव्हते. कावळा असेल, शिक्रा असेल. उन्हात उघडे पडलेले घरटे शोधायला फारशी हुशारी लागत नाही.

त्या रात्री आमच्या मनास जे लागून राहिले ते छायाचित्रकाराचे कृत्य नव्हे, आमचा शेरा. स्वर्गीय नर्तक आपले घरटे सावलीत बांधतो, ते कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बारीक फांदीच्या बेचक्यात विणतो, आणि त्याच्या पिलांवर सकाळचे सरळ ऊन पडणे ही अस्वाभाविक गोष्ट आहे, इतके कोणत्याही पक्षिमित्राने आम्हांला सांगितले असते. ज्या प्रकाशाची आम्ही तारीफ केली तो प्रकाशच गुन्ह्याचा पुरावा होता. पुरावा आमच्या डोळ्यांपुढे टांगलेला होता आणि आम्ही त्याला बक्षीस दिले.

हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण असे की, आपल्या मंडळाच्या वार्षिक उत्सवानिमित्त वन्यजीव व निसर्ग छायाचित्रांची स्पर्धा भरवावी अशी सूचना पुढे आली असून तरुण सभासदांचा तिला उत्साहाने पाठिंबा आहे. त्यांच्या उत्साहाबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु अशा स्पर्धा आज ज्या रीतीने भरतात त्या रीतीने ही स्पर्धा भरणार असेल तर आमचा तिला स्पष्ट विरोध आहे, आणि तो का आहे हे येथे मांडावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्पर्धा फळाला गुण देते, मार्गाला देत नाही. निबंधस्पर्धेत हे चालते, कारण निबंध लिहिताना कोणाचे घरटे मोडत नाही. वन्य प्राण्याच्या छायाचित्रात मात्र चित्राच्या चौकटीबाहेर एक जीव उरतो, आणि चित्र टिपण्यासाठी त्या जिवाशी काय केले गेले हे चित्र सांगत नाही. जी स्पर्धा हे विचारत नाही ती कळत नकळत अशा माणसाला पुढे काढते, ज्याला थांबावेसे वाटले नाही. दुपारभर दडून बसलेला आणि पक्षी अस्वस्थ झालेला पाहताच कॅमेरा आवरून घरी गेलेला माणूस त्या भिंतीवर दिसतच नाही. त्याचे चित्रच नसते.

यावर कोणी म्हणेल की, बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा. ते खरेच आहे. इंग्रज अमदानीतले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी रात्रीच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार बांधून, वाघाकडूनच दिव्याचा लखलखाट घडवून त्याची चित्रे काढली आणि १९२७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वाघाला मारणे म्हणजे पुरुषार्थ असे मानणाऱ्या काळात त्यांनी वाघ जिवंत असताना किती देखणा असतो हे दाखविले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतला म्हणून शिकाऱ्याची वृत्ती आपोआप बदलत नाही, हे गेल्या काही दशकांत दिसून आले आहे. भाषाच पाहा. चित्र 'शूट' होते, वाघ 'मिळतो', घुबड 'लागते', आणि ज्याला अमुक पक्षी अजून मिळाला नाही तो मागे पडलेला समजला जातो.

आपण बऱ्हाणपूरचे लोक. शिकारीची ही जात आपल्या ओळखीची आहे. तापीपलीकडे जैनाबादेस आहुखान्याचे अवशेष उभे आहेत. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात निवर्तली तेव्हा काही महिने तिचा देह तेथेच विसावला होता, म्हणून आपण पाहुण्यांना ती जागा दाखवितो. पण आहुखाना या शब्दाचा अर्थ हरणांचे घर. ते मोगल शहजाद्यांचे शिकारीचे उपवन होते. हरणे भिंतीच्या आत, शिकारी भिंतीच्या आत, आणि नेम चुकला तरी हरीण जाणार कोठे? मोगलांची दुसरी रीत होती कमरगाहची. शेकडो, कधी हजारो हाकारे रानाला वेढा घालीत, वेढा दिवसेंदिवस आवळीत नेत आणि कोंडलेल्या जनावरांवर बादशहा बाण सोडी.

या दोन्ही रीती संपल्या असे आपण समजतो. पण ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून आणि मागून वाट रोखून एक वाघीण व तिचे बछडे कोंडून धरले. वाघीण मध्ये, आणि दोन्हीकडून कॅमेरे व भ्रमणध्वनी. ते दृश्य सर्वत्र पसरले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली. हा कमरगाह नव्हे तर काय? आहुखान्याचेही तसेच. परदेशांत पैसे घेऊन पाळीव लांडगे, चित्ते छायाचित्रासाठी उभे करणारी आवारे आहेत. तेथेही जनावर भिंतीच्या आत असते आणि नेम चुकण्याची भीती नसते.

या दुसऱ्या प्रकाराने तर जगातली सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धाही फसली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे चालणाऱ्या, १९६५ साली सुरू झालेल्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक स्पेनच्या होसे लुईस रॉड्रिगेस यांना मिळाले. रात्रीच्या अंधारात फाटकावरून झेप घेणारा लांडगा, असे ते चित्र. कथेतला लांडगा जणू प्रत्यक्ष उतरला. जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी ते पारितोषिक काढून घेतले, कारण तो लांडगा माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातला माणसाळलेला प्राणी असावा असा त्यांचा निष्कर्ष झाला. रॉड्रिगेस यांनी तो मान्य केला नाही. वास्तविक शंका चित्रातच होती. फाटकाच्या फटीतून सहज निसटू शकणारा लांडगा उडी कशाला मारील? पुढे २०१७ च्या स्पर्धेत ब्राझीलच्या मार्सियो काब्राल यांचे, वाळवीच्या चमकत्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचे चित्र विजयी ठरले. एप्रिल २०१८ मध्ये तेही बाद झाले. तो मुंगीखाऊ आणि त्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेला पेंढा भरलेला मुंगीखाऊ यांच्या अंगावरच्या खुणा व केसांची ठेवण एकच असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. काब्राल यांनीही आरोप नाकारला.

जगभरातून दरवर्षी पन्नास-साठ हजार चित्रे जेथे येतात आणि ज्यांच्या हाताशी प्राणिशास्त्राचे तज्ज्ञ आहेत, तेथे जर ही गत, तर वात्सल्यरसावर भाषण करणाऱ्या परीक्षकांची काय कथा? तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या दोन्ही प्रकरणांत फसवणूक परीक्षकांची झाली, जनावराचे तसे काही बिघडले नाही. पेंढा भरलेल्या मुंगीखाऊला कसला त्रास? आमच्या दूधराजाच्या चित्रात उलट होते. ते चित्र पूर्णपणे खरे होते. पक्षी खरा, पिले खरी, ऊनही खरे. म्हणून केवळ 'चित्र बनावट नसावे' एवढा नियम केल्याने आपले भागत नाही. खऱ्या चित्राची किंमत कोणी मोजली, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आता आपल्याच जंगलातल्या एका पाखराची गोष्ट. तिच्यात छायाचित्र नाही, पण नावलौकिकाच्या हव्यासाने एका पाखराची किती हानी होऊ शकते हे तिच्यात आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ साली ह्यूमने शास्त्राला परिचित करून दिले. १८८४ साली डेव्हिडसनने खानदेशात त्याचे नमुने मिळविले, आणि त्यानंतर हे पाखरू कोणालाच दिसेना. मध्यंतरी एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली तापीकाठच्या मांडवीस, म्हणजे गुजरातेत, हा पक्षी मारल्याचे सांगितले होते. ही नोंद खरी धरून पुढच्यांनी तिकडे शोध घेतला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञांनाही यश आले नाही. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले की ती नोंद धादांत खोटी होती. त्या गृहस्थांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक जुना नमुना लांबविला, त्यात नव्याने पेंढा भरला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळताच, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन व त्यांचे सोबती बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात भर दिवसा निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. नंतरच्या पाहण्यांत तो मेळघाटात सापडला आणि आपल्या खकनारच्या जंगलातही सापडला. २०१८ साली त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आली, तेवढीच सुधारणा.

एका माणसाच्या खोट्या बढाईने या पाखराचा शोध भलत्या वाटेला लागला. त्या काळात सागवानाची किती रुंद झाडे, त्यांच्या ढोल्यांसकट, तुटली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आज खकनारचा रानपिंगळा पुन्हा एकदा हव्यासाच्या टप्प्यात आला आहे, फक्त साधन बदलले आहे. रानपिंगळा दिवसा वावरतो आणि आपल्या हद्दीविषयी फार जागरूक असतो. भ्रमणध्वनीवर त्याच्या जातभाईचा आवाज लावला की आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो तावातावाने पुढे येतो. समोर येऊन बसतो, ओरडतो, शेपटी झटकतो. चित्र सुरेख येते. पण तो तेवढा वेळ शिकार सोडून, घरटे सोडून एका नसलेल्या शत्रूशी भांडत असतो. शास्त्रज्ञ गणतीसाठी असा आवाज लावतात हे आम्ही जाणतो. ते परवानगीने लावतात, मोजून लावतात आणि उत्तर मिळताच बंद करतात. छायाचित्रकार उत्तर मिळाल्यावर सुरू होतो, आणि एकाचे चित्र झळकले की त्याच झाडाखाली दुसऱ्या दिवशी आणखी चौघे उभे असतात.

आमच्या दारी पहाटे येणारा पिंगळा जोशी त्या पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगून भविष्य वर्तवीत असे. त्याचे भविष्य खरे होत असे की नाही हे सोडून देऊ. पण पाखरू काय म्हणते हे ऐकले पाहिजे, एवढे तरी तो मानीत होता. त्या पाखराला त्याच्याच भाषेत फसवावे, हे त्याला सुचले नव्हते.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण ती आम्हांलाही उशिरा कळली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, कलम २ (१६) मध्ये, 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे. केवळ मारणे म्हणजे शिकार नव्हे. वन्य प्राण्याला हाकणे, सापळ्यात धरणे, आमिष दाखविणे हीदेखील शिकार. आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हीसुद्धा शिकारच. म्हणजे घरट्यापुढची डहाळी छाटणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत शिकारी ठरतो, आणि त्याला चांदीचा पेला देणारे आम्ही? त्याला नाव काय द्यावे हे वाचकांनीच ठरवावे. आपल्यातल्या अनेक घराण्यांचे पूर्वज पेशव्यांच्या वा शिंद्यांच्या चाकरीत या मुलखात आले. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत सांबरशिंगे टांगलेली आम्ही लहानपणी पाहिली आहेत. नातवंडांनी ती संकोचाने उतरविली, हे चांगलेच झाले. त्याच खुंटीवर आता प्रमाणपत्रासह चौकटीत बसविलेले घरटे टांगले जात असेल, तर आपण फारसे पुढे आलो असे म्हणता येणार नाही.

आमच्या विरुद्ध बाजूला जे सांगितले जाते त्याचा आता विचार करू.

पहिला आक्षेप असा की, छायाचित्रांनीच लोकांत निसर्गाविषयी प्रेम उत्पन्न केले. हे आम्हांला मान्य आहे आणि त्याची उत्तम उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. नयन खानोलकर यांनी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेतल्या वस्तीत, दिव्याच्या उजेडात गल्लीतून शांतपणे चालत जाणारा बिबळ्या टिपला. त्या चित्राला २०१६ साली लंडनच्या वर उल्लेखिलेल्याच स्पर्धेत नागरी परिसराच्या विभागात पारितोषिक मिळाले. बिबळ्या म्हणजे शहरात शिरलेला खुनी, असे मानणाऱ्यांना त्या एका चित्राने वारली पाड्यातल्या माणसांचे आणि बिबळ्याचे शेजार दाखविले. ऐश्वर्या श्रीधर यांनी भंडारदऱ्याजवळ काजव्यांनी उजळलेले झाड टिपले. २०२० च्या त्याच स्पर्धेत त्या चित्राची वाखाणणी झाली. पण या चित्रांत काय आहे? बिबळ्याच्या नेहमीच्या वाटेवर कॅमेरा लावून कित्येक महिने केलेली प्रतीक्षा आहे. अंधारात अंधार न मोडता केलेले काम आहे. बिबळ्याला कोणी बोलाविले नाही, काजव्यांवर कोणी दिवा मारला नाही. काजव्याची लुकलुक म्हणजे नर-मादीची हाक. तिच्यावर गाडीचा प्रखर झोत टाकला की ती हाक विरून जाते. हे ठाऊक असूनही दरवर्षी ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या वाटेवर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातल्या पुष्कळांना 'तसेच चित्र' हवे असते. चांगले चित्र पाहून प्रेम उत्पन्न होते, आणि पारितोषिक पाहून नक्कल उत्पन्न होते. प्रेमाचे श्रेय घेणाऱ्यांनी नकलेचीही जबाबदारी घ्यावी.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक वजनदार वाटतो. जुने थोर छायाचित्रकार घरट्यावरच चित्रे काढीत, मग आजच्यांवर राग का? होय, काढीत. घरट्यासमोर लहानसा आडोसा उभारून तासन्‌तास आत बसणे ही तेव्हाची मान्य पद्धत होती. पक्षी तेथेच निश्चित येतो आणि त्या काळची भिंगे दूरवर पोहोचत नसत. त्यांतले काही लोक पक्ष्यांच्या सवयी जाणणारे होते, काही नव्हते, आणि तेव्हाही किती घरटी उजाड झाली हे कोणी लिहून ठेवले नाही. पण तेव्हा एका जिल्ह्यात असा मनुष्य एखादा असे. आज दर शहरात शेकडो आहेत आणि त्यांची भिंगे पन्नास पावलांवरून पापणी मोजतात. जवळ जाण्याची गरज संपली, गर्दी मात्र वाढली. त्यामुळे पूर्वी जे क्षम्य होते ते आज नाही. लंडनच्या स्पर्धेत जिवंत आमिष आणि कोंडलेले प्राणी निषिद्ध आहेत, प्राण्याला त्रास होईल असे काहीही करण्यास मज्जाव आहे आणि अंतिम फेरीत कॅमेऱ्यातली मूळ प्रत मागितली जाते. तेथे जे नियम फसून फसून शिकावे लागले, ते आपण न फसता घेऊ शकतो.

तिसरा आक्षेप खास आपल्या जिल्ह्याचा. '२०२२-२३ साली नेपानगरच्या जंगलात डोळ्यांदेखत झाडे पडली, तेथे एका डहाळीचे काय घेऊन बसलात?' हे ऐकून क्षणभर गप्प बसावेसे वाटते. परंतु विचार केला तर हा युक्तिवाद उलटा आहे. जंगल कमी झाले म्हणूनच उरलेल्या ओढ्याकाठच्या चार झाडांना मोल आले. आणि मोठ्या कुऱ्हाडीविरुद्ध बोलण्याचे नैतिक बळ ज्यांच्या हाती लहान कात्री आहे त्यांना कोठून यावे? ज्या माणसाला चित्रासाठी डहाळी कापवली, तो वृक्षतोडीविरुद्धच्या सभेत कोणत्या तोंडाने उभा राहणार?

आमचा विरोध छायाचित्राला नाही, कॅमेऱ्याला नाही, स्पर्धेच्या कल्पनेलाही नाही. आपण एक साहित्य मंडळ आहोत. रानाकडे पाहण्याची एक रीत आपल्या साहित्याने आपल्याला दिली आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले ते वही आणि रेखाटनाची पेन्सिल घेऊन. त्यांच्या 'नागझिरा'त जे दिसले नाही त्यालाही जागा आहे. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आयुष्य घालविले आणि पाखरांची, झाडांची नावे पारध्यांकडून, गोंड-कोरकूंकडून विचारून घेतली. विचारून घेणे, वाट पाहणे आणि न मिळाले तर तसे लिहिणे, ही ती रीत. स्पर्धा भरवायची तर या रीतीने भरवावी.

त्यासाठी आमच्या सूचना अशा. घरटे, अंडी आणि घरट्यातली पिले यांचे एकही चित्र घेऊ नये. मग ते कितीही सुंदर असो. आवाज लावून, आमिष टाकून वा प्राण्याला धरून काढलेले चित्र घेऊ नये. कॅमेऱ्यातली मूळ प्रत मागावी. रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पाखराचे ठिकाण जाहीर करू नये. परीक्षकांत एक पक्ष्यांचा जाणकार असावा, आणि त्या शिवारात राबणारा एक मनुष्य अवश्य असावा. आमच्या त्या परीक्षक मंडळात जसोंडीचा तो सालदार असता तर त्याने एका नजरेत सांगितले असते की एवढे ऊन तेथे येत नाही. त्याला कोणी बोलाविले नाही, कारण त्याला कला कळत नाही असे आम्ही धरून चाललो होतो.

आणि शेवटची सूचना, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक चित्रासोबत एक पान मराठी मजकूर मागावा: हे चित्र कोठल्या ऋतूत, किती दिवसांनी, किती अंतरावरून आणि कसे मिळाले, पक्ष्याने आपल्याला पाहिले तेव्हा त्याने काय केले, आणि आपण काय केले. त्या पानाला चित्राइतकेच गुण असावेत. चित्र खोटे बोलू शकते. गद्यही बोलू शकते, पण पानभर खोटे लिहिताना माणूस कोठेतरी अडखळतो, आणि ते अडखळणे ओळखणे हे तरी आपल्या मंडळाचे काम आहे. त्या पानावर कोणी असेही लिहिले की 'तीन दिवस गेलो, पाखरू घाबरते असे दिसले, परत आलो', आणि सोबत नुसत्या रिकाम्या ओढ्याचे चित्र जोडले, तर त्याचा विचार पहिल्या बक्षिसासाठी व्हावा.

येत्या सभेत हा विषय निघेल. बहुमत आमच्या विरुद्ध गेले तर आम्ही ते मान्य करू, मात्र परीक्षक म्हणून बसणार नाही. आम्ही दिलेले ते पहिले बक्षीस परत घेण्याचा अधिकार आज आम्हांला नाही. पेला त्या घरी आहे आणि चित्र कोणाच्या तरी भिंतीवर असेल. तेव्हाच्या गुणपत्रिकेवरचा आमचा शेरा मात्र आमचा आहे. 'प्रकाशाची उत्तम जाण' हे शब्द आम्ही येथे, वाचकांसमक्ष, मागे घेत आहोत.